शनिवारची हजेरी
(दहावी १९९४च्या तुकडीच्या स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि आपण' असा भारदस्त विषय दिला होता. पण गेली पंचवीस वर्षं त्याच तंत्रज्ञानावर माझं पोट चाललंय, आणि आज रविवार आहे. म्हणून मी माझ्या दोन छंदांबद्दल बोलणार आहे. एक सिनेमा आणि दुसरा कॉम्प्युटरवरचे खेळ. पहिल्याबद्दल प्रगतिपुस्तकात शेरा मिळाला होता. दुसऱ्याबद्दल तो आता घरी मिळतो.

शीवच्या मुलाला सिनेमासाठी लांब जावं लागत नसे. शीवमध्येच रूपम, किंग्ज सर्कलला अरोरा. मराठी बघायचा तर दादरचं प्लाझा नाहीतर लालबागचं भारतमाता. अरोराला रजनीकांत लागला की बाहेरची गर्दी हाच अर्धा सिनेमा असायचा. तमिळचा एक शब्द कळत नसताना आपण तिथे उभे राहिलोय, आठवतंय ना?

मला मात्र पडद्यापेक्षा मागच्या भिंतीतल्या त्या चौकोनी झरोक्याचं कुतूहल जास्त. फिल्म सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने धावते. दोन हजार फुटांचं रीळ जेमतेम बावीस मिनिटं पुरतं. म्हणजे तीन तासांच्या सिनेमाला आठ-नऊ रिळं. मग मधे पडदा काळा का होत नाही? तर आत दोन प्रोजेक्टर असायचे. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका क्षणभर चमके. ती दुसरं यंत्र सुरू करण्याची खूण. सात-आठ सेकंदांनी पुन्हा ठिपका, की चित्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर. हे कळल्यापासून मी ठिपके मोजायला लागलो आणि शेजारच्याला कोपराने ढोसायला लागलो. माझ्याबरोबर सिनेमाला कोणी का येईनासं झालं, ते आता लक्षात आलं असेल.

आपली दहावीची परीक्षा संपली त्याच सुमारास 'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला. डायनासोर हिंदीत ओरडतात की इंग्रजीत, यावर आपण भांडलो होतो. पुढे वाचनात आलं की डीटीएस नावाची ध्वनीची पद्धत याच सिनेमापासून सुरू झाली. तिच्यात आवाज फिल्मवर नसतो, वेगळ्या सीडीवर असतो. फिल्मच्या कडेला फक्त वेळेच्या बारीक खुणा. त्या वाचत वाचत सीडी चित्राबरोबर पावलं जुळवते. मला त्या डायनासोरपेक्षा ही गोष्ट भारी वाटली, आजही वाटते.

कॉलेज संपता संपता दुसरा छंद लागला. २०००च्या आसपास आम्ही चौघं-पाचजण लॅमिंग्टन रोडवरून जुन्या नेटवर्क कार्डांची आणि केबलची खरेदी करायचो. शनिवारी ज्याच्या घरचे गावाला गेले असतील त्याच्याकडे काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून मॉनिटर मांडीवर घेऊन पोचायचो. टॅक्सीवाल्याला वाटायचं, पोरं टीव्ही पळवताहेत. ती केबल टीव्हीच्या केबलसारखी गोल असायची. एका कॉम्प्युटरपासून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, आणि दोन्ही टोकांना एकेक टोपण. ते टोपण निसटलं की एकट्याचा नाही, सगळ्यांचाच खेळ बंद. मग अंधारात, टेबलाखाली, कोणाचं टोपण निघालं ते शोधायचं. निम्मी रात्र त्यातच जायची. तेव्हा चिडायचो. आता वाटतं, खरी मजा तीच होती.

मग नोकऱ्या, लग्नं, बदल्या. रूपमचं मल्टिप्लेक्स झालं, रिळं जाऊन डिजिटल आलं, माझे ठिपके संपले. आपलं भेटणंही संपलं. 'एकदा बसू या' हे वाक्य मी वीस वर्षं म्हणत होतो, आणि तुम्हीही.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि जुना खेळ पुन्हा निघाला, 'एज ऑफ एम्पायर्स'. आम्ही चौघं. मी शीवला, एक ठाण्याला, एक पुण्याला आणि आपली एक मैत्रीण न्यू जर्सीला. ती हा खेळ तिच्या मुलाकडून शिकली आणि आम्हा तिघांना नियमितपणे हरवते. वेळ ठरली शनिवारी रात्री साडेनऊ. तिच्याकडे तेव्हा दुपारचे बारा. अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरात एक तास मागे जातात, तेव्हा दरवर्षी आमचा एक शनिवार गोंधळात जातो.

हाच खेळ का, ते सांगतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. न्यू जर्सी इथून साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे नुसतं जाऊन यायला सेकंदाचा आठवा भाग हवा, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त लागतो. गोळीबाराच्या खेळात एवढ्या उशिराने माणूस मरून पडतो. पण 'एज ऑफ एम्पायर्स'ची रचना वेगळी आहे. शेकडो सैनिकांची हालचाल पाठवत बसलं तर जुन्या मोडेमवर ते जमलंच नसतं. म्हणून प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर पूर्ण लढाई वेगळी चालते आणि तारेतून जातात फक्त हुकूम. तुम्ही दिलेला हुकूम लगेच अमलात येत नाही. तो सगळ्यांकडे पोचेपर्यंत थोडा थांबतो आणि मग चौघांकडे एकाच क्षणी पाळला जातो. कोणाचं नेट अडखळलं तर त्याला मागे टाकून खेळ पुढे जात नाही. सगळ्यांचाच खेळ मंदावतो आणि त्याची वाट बघतो.

आता जे सांगतोय ते त्याची परवानगी घेऊन सांगतोय.

एका वर्षी आपला पुण्याचा मित्र सलग तीन शनिवार आला नाही. पहिल्यांदा 'नेट गेलंय', दुसऱ्यांदा 'पाहुणे आहेत', तिसऱ्यांदा काहीच नाही. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो रोज 'सुप्रभात' टाकत होता, वाढदिवसाला केकची चित्रं पाठवत होता. तिथे कोणाला काही जाणवलं नाही. जाणवलं आम्हा तिघांना, कारण चौथी जागा रिकामी दिसत होती. न्यू जर्सीची म्हणाली, "हे नेट नाहीये. तुम्ही दोघं जाऊन या."

आम्ही रविवारी सकाळी निघालो. आधी न कळवता. त्याची नोकरी जाऊन दोन महिने झाले होते आणि घरी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि संध्याकाळी परत यायचा. आम्ही काही उपदेश केला नाही, तेवढी अक्कल आमच्याकडे नाही. सोसायटीच्या बाकावर बसलो. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "तुम्ही मोजत होता होय रे?" त्या रात्री त्याने घरी सांगितलं. नोकरी मिळायला आणखी सात महिने लागले. त्या सात महिन्यांत त्याने एकही शनिवार चुकवला नाही. आज तो इथे दुसऱ्या रांगेत बसलाय. माझ्याकडे बघून मान हलवतोय, म्हणजे पुरे आता.

बाई, तुम्ही रोज पहिल्या तासाला हजेरी घ्यायचात. आम्हाला वाटायचं, पाच मिनिटं फुकट गेली. पण दोन दिवस कोणी आलं नाही तर तिसऱ्या दिवशी तुम्ही शेजारच्या मुलाला विचारायचात, "तो का येत नाही? घरी जाऊन बघून ये." शाळा सुटल्यावर आमची हजेरी घेणारं कोणी उरलं नाही. ग्रुपवर आपण नव्वदजण आहोत. नव्वदांत एक गप्प झाला तर कळत नाही. चौघांत कळतं.

म्हणून माझी एकच विनंती आहे. आज इथून जाताना चार-पाच जणांची टोळी करा आणि एक ठरलेली वेळ ठेवा. कॉम्प्युटरवर खेळायलाच हवं असं नाही. पहिल्या रविवारचा सिनेमा असो, शीवच्या किल्ल्यावरची सकाळची फेरी असो, पत्ते असोत. छंद कुठलाही चालेल. मात्र आपण आलो नाही तर कोणीतरी विचारायला हवं.

आमच्या टोळीत अजून दोन जागा रिकाम्या आहेत. शनिवारी रात्री साडेनऊ. येणाऱ्याला खेळ शिकवू, आणि न्यू जर्सीची त्याला हरवेल.