कल विचारण्याआधी काम दाखवा



फ्रँक पार्सन्स यांचे ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे पुस्तक १९०९ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. स्वतःला ओळखा, कामाची माहिती घ्या आणि दोहोंचा विचारपूर्वक मेळ घाला, ही त्यातली त्रिसूत्री आजही आपल्या समुपदेशन व्यवसायाचा पाया आहे. आपण मात्र पहिल्या सूत्रावर चाचण्यांचा डोंगर रचला आणि दुसरे माहितीपत्रकावर सोपवून मोकळे झालो. महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू झाली. हेतू चांगलाच होता. पण ज्या मुलाने लेथ पाहिलेलेच नाही, त्याला टर्नरचे काम आवडेल का असे विचारल्यावर हाती काय लागते? ऐकीव माहिती, घरच्यांचे मत आणि थोडा अंदाज. आवड अनुभवातून घडते. चाचणी फक्त घडलेली आवड मोजते. म्हणूनच मी व्यवसायांची ओळख करून देणाऱ्या खेळाचा आग्रह धरतो; त्याचे काम आहे ते अनुभव आणि चाचणी यांच्या मधल्या जागेत.

ही कल्पना नवी नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत सॅरेन बूकॉक यांनी ‘लाइफ करिअर’ हा खेळ रचला. एका काल्पनिक व्यक्तीचा वेळ शिक्षण, नोकरी, कुटुंब आणि विरंगुळा यांत मुलांनी वाटायचा आणि परिणाम पाहायचे. पुढे जॉन क्रुंबोल्ट्झ यांनी निरनिराळ्या व्यवसायांतल्या प्रत्यक्ष समस्या मुलांना सोडवायला देणारे संच तयार केले. आयटीआयच्या उंबरठ्यावरच्या मुलासाठी असाच एक डाव मांडता येईल. घरातले निम्मे दिवे गेले आहेत, हाती टेस्टर आणि मल्टीमीटर आहे, ग्राहक घाई करतो आहे; मेन स्विच बंद न करता हात घातला की डाव संपला. इलेक्ट्रिशियनचे काम म्हणजे क्रमाने विचार करणे आणि माणसे सांभाळणे, हे इथे सांगावे लागत नाही. कशाचा कंटाळा आला, कुठे तंद्री लागली, ही डावानंतरची चर्चा हेच खरे समुपदेशन. खेळात गुण आणि बिल्ले वाटले, की मुले बिल्ल्यांसाठीच खेळू लागतात.

खेळात वेल्डिंगची धग कशी येणार, असा आक्षेप घेतला जातो. ती येत नाही. म्हणून खेळाने कार्यशाळेची जागा घेऊ नये. कोणत्या कार्यशाळेत डोकावायचे, एवढे ठरवायला मदत करावी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी सुचवलेले दहा दप्तरविरहित दिवस याला उत्तम जोड ठरतील. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जागा गुणवत्ता यादीने ठरतात, पगार बाजार ठरवतो, मग निवडीचा हा खेळ कशाला? खेळ जागा वाढवू शकत नाही, हे मान्यच. पण त्याने हे वास्तव लपवले तर तो निव्वळ प्रचार ठरेल. फिटर होऊ पाहणाऱ्या मुलीला घरातून होणारा विरोध, वसतिगृहाचा खर्च, शिकाऊ उमेदवारीतले तुटपुंजे विद्यावेतन हे सारे पटावर असलेच पाहिजे. रचनाकाराचा हेतू पुरेसा नसतो, हेही ध्यानात ठेवू. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ साली पेटंट घेतलेला ‘लँडलॉर्ड्स गेम’ जमीनमक्तेदारीचे दुष्परिणाम दाखवण्यासाठी होता. त्यातूनच उगवलेल्या ‘मोनोपॉली’त मक्तेदार होणे हाच विजय ठरला.

म्हणूनच असा खेळ रचताना डिझाइन थिंकिंग या रचनापद्धतीतले मला सर्वांत मोलाचे वाटते ते वापरणाऱ्याकडे आधी जाणे आणि कच्चा नमुना त्याच्याकडून मोडून घेणे. रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवणे म्हणजे डिझाइन थिंकिंग नव्हे. माझी विनंती एवढीच: आपला पहिला पट पुठ्ठ्यावरच आखा, तो आयटीआयचे निदेशक आणि प्रशिक्षण अर्ध्यावर सोडलेली मुले यांच्यासमोर ठेवा, आणि खेळणाऱ्याचा निकाल त्याच्या कोणत्याही नोंदवहीत चढवू नका.