झाडाला फीत लावा

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलायचं नाही. आज बोलायचं ते आपल्या बांधावर उभ्या असलेल्या झाडावर.

आपला कापूस काट्यावर जातो, ज्वारीचं पोतंही काट्यावर जातं. मापात मारलं म्हणून आपण किती बाजारांत भांडलो, हे इथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण तीस-चाळीस वर्षं राखलेला साग आपण कसा विकतो? व्यापारी येतो, झाडाभोवती एक चक्कर मारतो, मान वर करून शेंड्याकडं बघतो आणि आकडा टाकतो. याला आपण 'उक्ता सौदा' म्हणतो. पाच किलो कापसासाठी भांडणारा शेतकरी एवढं झाड नजरेच्या मापानं देऊन टाकतो.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. वडिलांनी धुऱ्यावर लावलेले सहा साग होते. त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, सोसायटीचं कर्ज थकलं आणि बहिणीचं लग्न तोंडावर आलं. वडिलांनी सहाही झाडं उक्ती देऊन टाकली. आम्ही नुकतीच शेतकीची पदवी घेऊन घरी आलो होतो. कापसाच्या धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये सांगता येत होती, पण समोरच्या झाडात किती घनफूट लाकूड आहे ते सांगता येत नव्हतं. पुढं मोजणी शिकलो तेव्हा धुऱ्यावरचे ते सहा बुंधे मोजले आणि मिळालेल्या पैशाशी हिशेब लावून पाहिला. वडिलांना तो हिशेब आम्ही कधी सांगितला नाही.

झाड फुकट वाढत नाही

कुणी म्हणेल, झाड आपोआप वाढतं, जे आलं तो नफाच. हे खरं नाही. सागाच्या सावलीत आणि मुळ्यांच्या पट्ट्यात कपाशीची दोन-तीन तासं खुजी राहतात, ज्वारीचं कणीस भरत नाही. हे नुकसान एका वर्षाचं नाही, तीस वर्षांचं आहे. तोच त्या लाकडाचा उत्पादन खर्च. तो आपण दर हंगामाला मुकाट्यानं भरतो आणि विकताना विसरतो.

आणि आपण विकतो कधी? पीक बुडालं, दवाखाना लागला, लग्न निघालं तेव्हा. कोरडवाहू शेतकऱ्याचं झाड म्हणजे त्याची मुदत ठेव. पण बँकेतली ठेव मोडताना पासबुकात आकडा असतो. झाडाचा आकडा आपण कुठंच लिहिलेला नाही. घेणाऱ्याला आपली नड कळते आणि झाडाचं मापही कळतं. आपल्याला फक्त नड कळते.

हिशेब सोपा आहे

लाकडाच्या बाजारात चौथाईची रीत चालते. ओंडक्याचा मधला घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग करायचा, त्याला त्यानंच गुणायचं आणि मग लांबीनं गुणायचं. चार फूट घेर आणि दहा फूट लांबी असेल तर चौथा भाग एक फूट. एक गुणिले एक गुणिले दहा, म्हणजे दहा घनफूट. हॉपस नावाच्या इंग्रजानं १७३६ साली या रितीची कोष्टकं छापली, ती आजही चालतात.

आता शाळेत शिकलेल्या गोलाच्या गणितानं बघा. त्याच ओंडक्यात पावणेतेरा घनफुटांच्या जवळ लाकूड भरतं. म्हणजे शंभरातलं साडेएकवीस घनफूट लाकूड या रितीतच सुटतं. गोल ओंडका चौकोनी चिरताना कडा वाया जातात, म्हणून ही सूट. ठीक आहे, ती बाजाराची रूढी म्हणून समजून घेऊ.

पण ती रीत तरी सरळ पाळतात का? खोड बुडाशी जाड आणि वर निमुळतं असतं. बुडाशी पाच फूट, टोकाला तीन फूट, तर मधोमध चार फूट. फीत मधून उचलून बारीक टोकाला लावली तर पाऊण गुणिले पाऊण गुणिले दहा, म्हणजे साडेपाच घनफुटांच्या थोडं वर. ओंडका तोच, लाकूड तेच, पण दहाचे साडेपाच झाले. ही मारलेली दांडी दिसत नाही, कारण आपण फीत कुठं लावली ते बघतच नाही.

वनखातं स्वतःचं सागवान कसं विकतं ते एकदा बल्लारपूरच्या आगारात जाऊन बघा. प्रत्येक ओंडक्यावर नंबर असतो, घेर आणि लांबी लिहिलेली असते. प्रतवारी करून थप्प्या लागतात आणि लिलाव होतो. सरकार स्वतःचं लाकूड नजरेनं विकत नाही. उक्त्या सौद्यात आदिवासी खातेदार नागवला जातो हे सरकारलाही कळलं होतं, म्हणून १९६९ साली कायदा करून त्यांच्या झाडांची विक्री वनखात्यामार्फत ठेवली. बाकीच्या शेतकऱ्यांनी आपलं आपण बघायचं.

कायदा आणि आरामशीन

आम्ही जंगलतोडीचे वकील नाही. जंगल राहिलं पाहिजे. पण राखीव जंगलातला चोरीचा साग आणि शेतकऱ्यानं स्वतः लावलेला साग यात फरक करायला नको का?

आपल्या राज्यात १९६४ पासून झाडं तोडण्याचा कायदा आहे. साग, खैर, चंदन, बिजा, तिवस, ऐन, मोह, आंबा, चिंच, जांभूळ अशी सोळा झाडं त्याच्या मूळ यादीत आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगी लागते. वाहतुकीचा परवाना वेगळा, त्याचा आधार १९२७ चा भारतीय वन अधिनियम. या खेटा शेतकऱ्याला झेपत नाहीत, म्हणून तो कोऱ्या कागदावर सही करून सगळं व्यापाऱ्याच्या हाती देतो. भाव तिथंच पडतो. आणि लक्षात ठेवा, अर्ज आपल्या नावाचा असतो. परवानगीपेक्षा जास्त झाड तुटलं तर जाब आपल्यालाच विचारतात.

दुसरी गोष्ट आरामशिनीची. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात जंगलातल्या आरागिरण्या बंद करायला लावल्या. पुढं नव्या आरामशिनीच्या परवान्यावरही बंधनं आली. त्यामागं जंगल वाचवण्याचा हेतू होता. पण चिरणारे मोजके राहिले की घेणारेही मोजकेच राहतात. १९७२ साली सुरू झालेली कापसाची एकाधिकार खरेदी आपण भोगली आहे. गिऱ्हाईक एकच असलं की भाव कोण ठरवतं, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

बंधन काढलं तर जंगल बुडतं का? २०१७ साली जंगलाबाहेरचा बांबू वन अधिनियमातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला. गवताला झाड म्हणणं तेव्हा थांबलं. त्याआधी एप्रिल २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक आलं. गावानं स्वतः परवाने दिले आणि स्वतः बांबू विकला. जून २०२५ मध्ये केंद्रानं शेतातल्या झाडांच्या तोडीसाठी नमुना नियम राज्यांकडे पाठवले आहेत. नमुना म्हणजे हक्क नव्हे. तो आपल्याला मागून घ्यावा लागेल.

तोडताना आणि चिरताना

सौद्याइतकंच महत्त्व जिवाला आहे. झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला आधी खाच घ्यावी, खोडाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या भागाइतकी. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा थोडा वर घ्यावा. दोन्हींच्या मध्ये लाकडाची पट्टी राखावी. ती बिजागरीसारखं काम करते आणि झाडाला दिशा देते. ती पट्टी कापली की झाड कुणाचं ऐकत नाही. पळायची वाट आधी मोकळी करावी, ती मागं आणि तिरकी असावी. पडत्या झाडाच्या सरळ मागं उभं राहू नये, बुंधा उसळून मागं येतो. वारा असेल त्या दिवशी कुऱ्हाड खाली ठेवावी.

काप जमिनीलगत आणि साफ घ्यावा. बुडाचं लाकूड सगळ्यात जाड, ते बुंध्यात सोडू नये. सागाच्या बुंध्याला धुमारे फुटतात. त्यातला एक जोमदार ठेवून बाकीचे काढले की दुसरं झाड बिनरोपाचं उभं राहतं.

किंमत असते ती गाभ्याला. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला वाळवी आणि भुंगा लागतो. बारीक सागात पांढरंच जास्त, म्हणून कोवळं झाड विकणं म्हणजे हिरवा हुरडा ज्वारीच्या भावानं देणं. घरासाठी चिरून घेतलं तर ओंडक्याच्या टोकांना डांबर लावावं, नाही तर उन्हानं चिरा पडतात. फळ्या सावलीत, एकीवर एक, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून रचाव्यात. ओल्या फळीचं दार केलं की पुढच्या उन्हाळ्यात ते चौकटीत बसत नाही.

आता काय करायचं?

पहिलं, आपल्या बांधावरच्या प्रत्येक झाडाचा घेर छातीइतक्या उंचीवर मोजून वहीत लिहा. शिंप्याची फीत चालते. दुसरं, तलाठ्याकडं जाऊन सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या. तिसरं, उक्ता सौदा बंद. घनफुटावर भाव ठरवा, घेर ओंडक्याच्या मधोमध घ्यायचा हे आधी बोलून घ्या, फांद्यांचं जळण वेगळं विका. चौथं, एकट्यानं विकू नका. गावातली दहा-पंधरा झाडं एकत्र मोजून तीन व्यापारी बोलवा. पाचवं, कोऱ्या कागदावर सही नाही.

आणि मागणी एकच. सातबाऱ्यावर नोंद असलेलं, शेतकऱ्यानं लावलेलं झाड हे पीक माना. पिकाला तोडणीची परवानगी लागत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या एका झाडाचा घेर लिहून आणावा. तिथून हिशेब सुरू करू.