कवटीचे माप आणि हमालाचा खांदा



ह्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आम्ही समोर सतरंजीवर बसून ऐकावे, हा आजवरचा शिरस्ता. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे झाले ते वाचनालयात आणि मोंढ्यात. तेव्हा आज आम्ही माणसाच्या हाडांवर बोलायला का उभे आहोत, ते आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी हमालीचा दर वाढवावा आणि पोत्याचे वजन कमी करावे, ही मागणी घेऊन आम्ही एका व्यापाऱ्याकडे गेलो होतो. तो हसून म्हणाला, "अहो, ह्या लोकांची हाडेच ओझ्यासाठी घडवलेली आहेत. तुमची आमची वेगळी." आम्ही रागावलो, पण रागावणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. उत्तर आम्हाला सापडले ते पुढे, इरावतीबाई कर्वे ह्यांच्या चरित्रात.

'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई आपल्याला ठाऊक आहेत. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या, तिथल्या नदीचे नाव मिळालेल्या, आणि महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. तरुणपणी त्या बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. तिथल्या कैसर विल्हेल्म संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे गुरू. गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, त्यामुळे त्याच्या कवटीच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, आणि ही विषमता श्रेष्ठ बुद्धीची खूण होय, असा फिशरसाहेबांचा तर्क होता. तो तपासण्याचे काम ह्या हिंदुस्थानी विद्यार्थिनीकडे आले.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपीय माणसांच्या, काही वसाहतींतून आणलेल्या. ज्यांच्या त्या कवट्या, त्यांना कुणी विचारले नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. मापे घेऊन झाल्यावर निघाले काय? कवटी थोडी वाकडी सर्वांचीच असते. आपण घरी आरशात पाहावे, एक भुवई दुसरीहून किंचित वर दिसेल. पण त्या वाकडेपणाचा आणि वंशाचा काही संबंध इरावतीबाईंना आढळला नाही. गुरूच्या संस्थेत बसून, गुरूच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात लिहिला. पुढे १९३३ नंतर त्याच संस्थेतील विद्वानांनी नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा आधार पुरवला. त्या वातावरणात एका परकी मुलीने पट्टीवरचा आकडा जसाच्या तसा ठेवला, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते.

आता कुणी विचारील, मग हमालाचा खांदा वेगळा दिसतो त्याचे काय? दिसतो, हे खरे आहे. त्याचे उत्तरही बर्लिनच्याच एका शल्यवैद्याने दिले आहे. युलियस वोल्फ ह्याने १८९२ साली मांडले की हाड हा मेलेला दगड नव्हे. त्यावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते. टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हाताच्या हाडाहून जाड भरते. तो काही रॅकेटसाठी जन्मलेला नसतो. हमालाचा खांदाही वीस वर्षे पोती वाहिल्याने तसा होतो. आमचा व्यापारी ओझ्याचे फळ पाहून त्यालाच ओझ्याचे कारण समजला.

जन्मजात ठेवण म्हणाल, तर ती आपणां सर्वांची एकच आहे. इथिओपियात १९७४ साली 'ल्यूसी' नावाने प्रसिद्ध झालेला सांगाडा सापडला. तो सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा. तिचे कटिहाड आखूड आणि पसरट, म्हणजे ती दोन पायांवर चालत होती. उभे राहिल्याने हात मोकळे झाले. पण सारा भार पाठीच्या कण्याच्या खालच्या वळणावर आला. ते वळण गादीवर बसणाऱ्याला आहे आणि थप्पी लावणाऱ्यालाही आहे. कंबरदुखी दोघांनाही होते. फरक एवढाच, की एकाला विश्रांती मिळते आणि दुसऱ्याला त्या दिवसाची हमाली बुडवावी लागते.

आम्ही उमेदवारीत होतो तेव्हा क्विंटलचे पोते एकाच पाठीवर चढत असे. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला, संघटना झाल्या, ओझे पन्नास किलोवर यावे म्हणून लढे झाले. कुणाची हाडे बदलली म्हणून हे झाले नाही. माणसांनी ठरवले म्हणून झाले.

सध्या हळदीचा हंगाम आहे. उद्या सकाळी आपल्यापैकी कुणी मोंढ्यात गेलात, तर पोत्याखालच्या माणसाकडे जरा थांबून पाहा, आणि पोत्यावरचे वजनही वाचा. पन्नासाहून अधिक दिसले, तर मालकाला कारण विचारा. "ह्यांची हाडेच तशी" असे उत्तर आले, तर त्यांना त्या १४९ कवट्यांची गोष्ट सांगा. आम्हाला त्या दिवशी ती ठाऊक नव्हती.