भिंतीवरची गोधडी

आदिलाबादेत मार्गशीर्ष-पौषात जी थंडी पडते, ती तेलंगणाच्या दक्षिण भागातील लोकांच्या फारशी अनुभवाची नाही. पैनगंगेच्या काठच्या या जिल्ह्यात रात्रीचा पारा कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो, आणि मग पेटीतल्या गोधड्या बाहेर निघतात. मराठी घरात तिला गोधडी म्हणतात, शेजारच्या तेलुगू घरात बोंत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले. सरहद्द अशी सरकली. परंतु तिच्या दोन्ही बाजूंस गोधडीचा धावदोरा तोच राहिला.

गोधडी शिवण्याची जुनी रीत जमिनीवरची आहे. ओसरीवर जुने लुगडे अंथरावयाचे, त्यावर धोतराचे थर रचावयाचे, आणि वरून रंगीत तुकडे लावीत कडेकडून मध्याकडे टाके घालीत जावयाचे. एखादा तुकडा मनाजोगा बसला नाही, तर त्यावर दुसरा चढविता येतो. मांडणी आणि शिवण ही दोन्ही कामे तेथे हातात हात घालून चालतात.

शिवणयंत्रावर चौकोन जोडणाऱ्या स्त्रीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिला वरचा पदर आधी संपूर्ण जोडावा लागतो. थर आणि धावदोरा नंतर. मधला एक चौकोन चुकला, तर त्याच्या चारी बाजूंच्या शिवणी उसवाव्या लागतात, आणि वापरून विरलेल्या कापडाला उसवणे सोसत नाही. नवे कापड बाजारातून पुन्हा आणता येईल. पण निवर्तलेल्या आजीच्या इरकली लुगड्याचा काठ कोणत्या दुकानात मिळणार? तो फाटला की संपला. म्हणूनच पहिली शिवण घालण्यापूर्वी सारी गोधडी एकदा डोळ्यांनी पाहून घेणे अगत्याचे ठरते.

परंतु ती पाहावयाची कोठे? शिवणाची खोली बहुधा ८ फूट रुंद आणि १० फूट लांब. तीत यंत्र, कपाट आणि इस्त्रीचे टेबल. उरलेल्या जमिनीवर ५ फूट बाय ७ फूट गोधडी पसरली, की पाऊल टाकावयास जागा राहत नाही. शिवाय कडेला उभे राहून पाहिले, तर जवळचे तुकडे मोठे आणि पलीकडचे लहान भासतात, डोळा फसतो. अशा खोलीत मोकळी राहते ती एक भिंतच. पाश्चात्त्य देशांतील गोधडी शिवणाऱ्या स्त्रिया हिचाच उपयोग करतात आणि तिला ‘डिझाइन वॉल’ म्हणतात. मराठीत ‘मांडणीची भिंत’ म्हणावयास हरकत नाही.

तिचे मर्म शाळेतील शिक्षकांना नवे नाही. फलालिनीने किंवा जाड्याभरड्या खादीने मढविलेला फलक आणि मागे खरकागद चिकटविलेली चित्रे हे वर्गातील जुने साधन आहे. चित्र दाबले की टिकते, उचलले की निघते. फलालिनीच्या पृष्ठावर बारीक लव असते. सुती कापडाचे तंतू तीत गुंततात आणि हलका तुकडा टाचणीवाचून लटकून राहतो. रेशमी किंवा कृत्रिम धाग्याचा गुळगुळीत तुकडा मात्र घसरतो. त्याला टाचणी हवी.

अशी भिंत घरच्या घरी करता येते. ६ फूट रुंद आणि ८ फूट लांब अशी पांढरी किंवा राखी, बिनछापाची फलालीन घ्यावी. एका पन्ह्यात एवढी रुंदी मिळाली नाही, तर दोन पन्हे उभे जोडावेत. वरच्या व खालच्या कडेला परकराला असतो तसा नेफा करून त्यात लाकडी दांडे ओवावेत, आणि वरचा दांडा भिंतीतील दोन आकड्यांवर टांगावा. काम संपले की शाळेतल्या नकाशाप्रमाणे गुंडाळून कपाटामागे ठेवावे. टाचण्या रोवता याव्यात अशी इच्छा असेल, तर फलालिनीमागे इंचभर जाडीचे थर्माकोलचे तक्ते लावावेत. मात्र थर्माकोल लवकर पेट घेतो, म्हणून दिवा आणि इस्त्री त्यापासून दूर असावी. तुकडे लावताना पंखा बंद ठेवावा, आणि उन्हाने रंग उडू नयेत म्हणून खिडकीच्या समोरची भिंत टाळावी.

मापाचा हिशेब आधीच करावा. तयार चौकोन ६ इंचांचा हवा असेल, तर चारी बाजूंस पाव पाव इंच माया सोडून तो साडेसहा इंचांचा कापावा लागतो. ५ फूट बाय ७ फूट गोधडीस आडवे १० आणि उभे १४, असे १४० चौकोन लागतात. न शिवता भिंतीवर लावले, तर ते ६५ इंच रुंद आणि ९१ इंच उंच जागा घेतात. वरील पट ७२ इंच बाय ९६ इंचांचा आहे. त्यात सारे सहज मावतात. छत ठेंगणे असेल, तर अर्धी गोधडी एका वेळी मांडावी.

आता मांडणी. गडद तुकडे आधी लावावेत. ते एका कोपऱ्यात गोळा झाले, तर गोधडी त्या बाजूस कललेली दिसते. मग दाराशी जाऊन, डोळे किंचित मिटून पाहावे. तपशील पुसट होतो आणि उजेड-अंधार तेवढा उरतो. खोली फारच लहान असेल, तर समोरच्या भिंतीवर आरसा टांगून त्यात पाहावे. अंतर वाढल्यासारखे होते. मोबाईलवर कृष्णधवल छायाचित्र घेतले, तरी हेच कळते. एरवी वेगळे वाटणारे लाल आणि हिरवे तेथे एकाच छटेचे निघतात.

मांडणी झाल्याबरोबर यंत्राकडे वळू नये. एक रात्र ती तशीच राहू द्यावी. घरातील माणसे येताजाता पाहतील; आजीचा काठ कडेला न घालता मध्ये घ्यावा, असे कोणी सुचवील. सकाळच्या उजेडात शिवणाऱ्या स्त्रीला स्वतःलाही एखादी उणीव दिसेल. मग प्रत्येक ओळीच्या पहिल्या चौकोनाला क्रमांकाची चिठ्ठी टाचावी, आणि एका वेळी एकच ओळ उतरवून शिवावी.

जमिनीवर बसून, टाक्याटाक्याने गोधडी घडविणाऱ्या जुन्या स्त्रियांना या भिंतीची गरज भासली नाही. त्यांची सारी मांडणी मनात असे आणि हातांना ती ठाऊक असे. ती दृष्टी विकत मिळत नाही. ती पाहून पाहूनच येते. भिंत एवढेच करते, की पाहण्यास वेळ देते. भिंतीवरचा चौकोन उचलून दुसरीकडे लावण्यास एक क्षण लागतो. तोच शिवून झाल्यावर हलविण्यास एक दुपार खर्ची पडते, आणि कधी कधी ते कापडही.