हृदय-फुप्फुस यंत्राचा संगणकीय सराव
६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी यशस्वीपणे वापरलेले हृदय-फुप्फुस यंत्र रुग्णाचे रक्त शरीराबाहेर घेऊन, त्यात प्राणवायू मिसळून ते परत पाठवते, आणि तेवढा वेळ रुग्णाचे प्राण यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या, म्हणजे परफ्युजनिस्टच्या, हाती असतात. यंत्रातील रक्तसाठ्याची टाकी रिकामी होऊन धमनीत हवा शिरण्याचा प्रसंग विरळाच. पण तो ओढवल्यास तत्क्षणी पंप थांबवून नळी चिमट्याने बंद करावी लागते, आणि ही तत्परता केवळ ग्रंथ वाचून अंगी येत नाही. म्हणून सरावासाठी खऱ्या यंत्राला रुग्णाऐवजी द्रवाने भरलेली नळ्यांची रचना जोडतात, संगणक गणिती सूत्रांनुसार दाब व प्रवाह बदलतो आणि प्रशिक्षक पूर्वसूचनेविना बिघाड घडवतो. रक्त गोठू न देणारे हेपारिन द्यायचे राहिल्यास काय ओढवते, हेही या सरावात निर्धोकपणे अनुभवता येते.