गोपनीय शेरा आणि मोकळा शब्द

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नोकरीतील उत्कर्षाविषयी तरुणांना चार शब्द सांगावेत, अशी मंडळाच्या चालकांनी आम्हांस आज्ञा केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले निवृत्त शिक्षक. मोठ्या कचेरीचा कारभार आम्ही कधी चालविलेला नाही. तथापि आपल्यापैकी कित्येक घरांची चूल नोकरीवर पेटते, आणि बढती हुकली म्हणजे त्या घरात अन्न गोड लागत नाही, हे आपण सारेच जाणतो. म्हणून एकच गोष्ट सांगतो. वरिष्ठाने हाताखालच्या माणसास त्याच्या कामाविषयी व पुढील वाटेविषयी वेळच्या वेळी स्पष्ट सांगावे; आणि हाताखालच्याने ते नम्रपणे, पण संकोच न धरता विचारावे.

शाळेत मुलांना प्रगतिपुस्तक देण्याची रीत आपणांस ठाऊक आहे. परीक्षा झाली की गुण घरी जातात, पालक सही करतात. मूल गणितात कच्चे आहे हे सहामाहीलाच कळते, म्हणून वार्षिक परीक्षेपूर्वी सुधारण्यास अवसर मिळतो. पण त्याच शाळेतील शिक्षकाचा गोपनीय अहवाल मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असे. आठ वर्षांच्या मुलाला जे सांगण्याजोगे, ते पन्नाशीच्या मास्तराला सांगण्याजोगे का नसावे, हा प्रश्न आम्हांस नेहमी पडत आला.

सरकारी नोकरीत पूर्वी असा प्रघात होता की, अहवालात प्रतिकूल शेरा असला तरच तो नोकरास कळवावयाचा. बाकीचे शेरे कळविण्याची आवश्यकता नाही. वरकरणी यात काही गैर वाटत नाही. परंतु 'चांगला' हा शेरासुद्धा माणसाचा घात करू शकतो, हे देव दत्त यांच्या खटल्याने उघड केले.

हे गृहस्थ सीमा मार्ग सेवेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंत्याच्या जागेसाठी पाच वर्षांचे शेरे 'अतिशय चांगला' असे हवे होते. त्यांचे चार वर्षांचे शेरे तसे होते. १९९३-९४ या एका वर्षाचा मात्र नुसता 'चांगला' होता. तो प्रतिकूल नव्हे, म्हणून त्यांना कळविला गेला नाही. आणि त्याच शेऱ्यापायी त्यांची बढती राहिली. दरम्यान ते सेवानिवृत्तही झाले. अखेर १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शेरा कोणताही असो, तो वाजवी मुदतीत संबंधितास कळविलाच पाहिजे. देव दत्त यांना तो शेरा कळवावा, त्यांचे म्हणणे ऐकावे, आणि शेरा सुधारला गेल्यास पूर्वीच्या तारखेपासून बढतीचा विचार करावा, असा आदेश झाला. न्याय मिळाला खरा. पण ज्या खुर्चीवर बसून काम करावयाचे, ते वय मागे पडले होते. एका वरिष्ठाने त्याच वर्षी पाच मिनिटे समोर बसवून, 'तुमचे अमुक काम कमी पडले', एवढे सांगितले असते, तर चौदा वर्षे वाचली असती!

पुढे १४ मे २००९ रोजी केंद्र सरकारने आदेश काढून अहवालाच्या नावातील 'गोपनीय' हा शब्दच गाळला. २००८-०९ या वर्षापासून संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्यास दाखविण्यात येऊ लागला, आणि आपले म्हणणे मांडण्यास त्याला पंधरा दिवसांची मुदत मिळाली. २०१३ साली सुखदेव सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हेच तत्त्व कायम केले.

आपल्या राज्यातील खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत तर त्याहून जुनी तरतूद आहे. अहवाल लिहिला नाही, किंवा प्रतिकूल शेरा ठरल्या मुदतीत कळविला नाही, तर त्या काळातील काम समाधानकारक समजावे, असे ती सांगते. यातील शहाणपण ध्यानात घ्या. ज्याने वेळेवर तोंड उघडले नाही, त्याने मागाहून दोष उगाळू नये.

परंतु नियमाने कागद दाखविता येतो, मन मोकळे करता येत नाही. ते काम माणसांचे आहे. वरिष्ठ का बोलत नाहीत? कुणाला भीड पडते, कुणाला कटकट नको असते, तर कुणाला वाटते की अंतर राखल्याने दरारा राहतो. आमच्या मते हा दरारा पोकळ होय. पुढची जागा रिकामी नसेल तर तसे सांगावे. खोट्या आशेवर माणसाला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणे हे नकारापेक्षा अधिक क्रूर आहे. उणीव सांगावयाची ती कामाची सांगावी, माणसाची नव्हे. चारचौघांत नव्हे, एकान्तात सांगावी. आणि ती भरून काढण्याचा मार्गही त्याबरोबर दाखवावा.

अमेरिकेतील इंटेल कंपनीचे एक प्रमुख अँड्रू ग्रोव्ह यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वरिष्ठ व कनिष्ठ यांच्या नियमित एकान्त भेटीचा पुरस्कार केला. त्यातील मर्म असे की, ती भेट कनिष्ठाची समजावी. कोणते विषय काढावयाचे हे त्याने ठरवावे, आणि वरिष्ठाने मुख्यतः ऐकावे. आपल्याकडे साहेबापुढे बोलण्याची सवय कमी. म्हणून ही रीत आपणांस विशेष उपकारक ठरेल.

तरुणांनो, आता तुमच्याकडे वळतो. अहवाल हाती आला की न वाचता सही ठोकू नका. पंधरा दिवस पाहता पाहता सरतात. वर्षभर केलेल्या कामाची तारीखवार टिपणे ठेवा. स्वतःच्या कामाविषयी लिहिताना त्यांचा आधार मिळेल. 'साहेब, मला बढती केव्हा?' असे विचारण्यापेक्षा 'त्या जागेसाठी माझ्यात काय उणे आहे?' असे विचारा. पहिल्या प्रश्नाला साहेब टाळील. दुसऱ्याला सहसा उत्तर देईल. उत्तर कडू लागले तरी रात्रभर विचार करून मगच बोला. आणि मोकळेपणा म्हणजे उद्धटपणा नव्हे, तशी नम्रता म्हणजे खुशामतही नव्हे.

आपल्यापैकी काही बंधू दुकानदार व कारखानदार आहेत. त्यांच्याकडे गावचा मुलगा, नात्यातला भाचा कामाला असतो. नाते आहे म्हणून पगाराचा व पुढच्या वाटेचा विषय कुणीच काढीत नाही. आणि दहा वर्षांनी एके दिवशी तो मुलगा सोडून जातो, मग दोन घरांचे बोलणे बंद होते. अशा मालकांना आमची हात जोडून विनंती आहे. वर्षातून एकदा त्या मुलाला समोर बसवा आणि त्याने येथे काय शिकावे, कोठवर चढावे, हे स्पष्ट सांगा. तो नोकर म्हणून टिकेल आणि आप्त म्हणूनही टिकेल.