एका टाक्याची गोष्ट



माझी एक खाला होती. तिला चार वेळा दिवस राहिले आणि चारही वेळा पाचव्या महिन्यात सारं संपलं. तिनं दर्ग्यात मन्नतीचे धागे बांधले, गळ्यात ताईत घातला, महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहिली. हळूहळू मोहल्ल्यातल्या गोदभराईचं बोलावणं तिला येईनासं झालं. ही १९७०च्या आसपासची हकिकत, मला अम्मीनं सांगितलेली.

पुढं कधीतरी डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांविषयी वाचलं आणि खाला आठवली.

शिरोडकर मूळचे गोव्यातल्या शिरोडा गावचे. जन्म १८९९चा. शालेय शिक्षण हुबळीत झालं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते १९२३ साली डॉक्टर झाले, १९२७ साली एम.डी. झाले. इंग्लंडहून १९३१ साली एफ.आर.सी.एस. होऊन परतले आणि त्याच कॉलेजात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

चौथ्या ते सातव्या महिन्यात ज्यांचा गर्भ पुनःपुन्हा पडतो, अशा बायका त्यांच्याकडे येत. विश्रांती देऊन, औषधं देऊन गुण येत नसे. शिरोडकरांनी ओळखलं, की यातल्या अनेकींचा गर्भ निरोगी असतो. गर्भाशयाचं मुख तेवढं दुबळं असतं. वाढत्या गर्भाचा भार न सोसून ते अवेळी उघडतं. मग ते बांधलं तर? बाईच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या चिवट आवरणाची अरुंद पट्टी काढून त्यांनी ती गर्भाशयाच्या मुखाभोवती आतून ओवली. हे काम १९५५ साली प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी मेलबर्नच्या डॉ. मॅक्डोनाल्ड यांनी बटव्याच्या नाडीसारखा, त्याहून सोपा टाका सांगितला. आजही जगभरचे डॉक्टर ‘शिरोडकर टाका’ हे नाव घेतात. सगळ्याच गर्भपातांवर तो इलाज नव्हे. पण जिथं लागू पडतो तिथं कूस राखतो.

१९७१ साली शिरोडकरांना पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले.

मी शब्दांत रमणारा माणूस. या दुखण्याचं इंग्रजी नाव वाचून मी थबकलो. दुबळ्या मुखाला वैद्यकाच्या पुस्तकांत ‘इन्कॉम्पिटंट’ म्हणत, म्हणजे नालायक! मोहल्ल्यानं खालाला जे म्हटलं, तेच पुस्तकानंही म्हटलं. शिरोडकरांच्या हातांनी मात्र वेगळं सांगितलं: बाईत खोट नाही, एक गाठ सैल आहे, ती बांधू या.

खालाचं दुखणं तेच होतं का? कोण सांगणार! तिला कधी कुणी तपासलंच नाही. मुंबईचा टाका सातासमुद्रापार गेला, आमच्या मोहल्ल्यात त्याची बातमीसुद्धा आली नाही. मन्नतीचा धागा जरूर बांधा, श्रोतेहो. पण त्या बाईला आधी डॉक्टरकडे न्या. आणि गोदभराईला तिला बोलवायला विसरू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)